वलंदेजांची थडगी आणि सुरतेची भट्टी

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० या साली शिवाजी महाराजांनी केलेल्या दोन स्वाऱ्या आठवतात. पहिल्या स्वारीत इंग्रज आणि वलंदेज, म्हणजे डच, यांनी आपापल्या वखारी राखल्या. त्या वखारींचा व्यापार केव्हाच संपला. १८२४ च्या तहानंतर वलंदेजांनी सुरतही सोडली. मागे राहिली ती दफनभूमी. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीड १६९१ साली निवर्तला. त्याचे भव्य थडगे तेथे आजही उभे आहे.

परंतु वलंदेजांचा दुसरा वारसा दगडाचा नसून पिठाचा आहे. गोऱ्यांच्या वखारीत पाव लागे आणि तो भाजण्याचे काम पारशी कारागिरांच्या हाती आले. वलंदेज गेले तेव्हा भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आली, असे परंपरा सांगते. त्या काळी पाव ताडीने आंबवीत. आता मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि पाव उरू लागला. परंतु तो नासण्याऐवजी वाळून कडक होई. हा शिळा पाव स्वस्तात विकला जाऊ लागला, लोकांना त्याची गोडी लागली आणि पुढे तो मुद्दाम सुकवून विकण्यात येऊ लागला, अशी कथा आहे.

कथेचा तपशील कसाही असो, तिच्यातील शास्त्र खरे आहे. बुरशीला वाढण्यास ओल लागते. मंद आचेवर पुन्हा भाजल्याने पिठातील पाणी निघून जाते आणि पदार्थ दीर्घकाळ टिकतो. सुरतेचा बटासा याच रीतीचा. चहात बुडताच तो मऊ होतो, म्हणून वृद्धांना व आजाऱ्यांनाही चालतो.

तथापि ताडी किंवा अंडे ज्यांना वर्ज्य, त्यांचे काय? त्यांच्यासाठी नानकटाई होती. ‘नान’ हा फारसी शब्द रोटीचा वाचक आहे. पण मैदा, तूप आणि साखर यांच्या या खाऊत ताडी नाही, अंडेही नाही. परकी भट्टी अशा रीतीने सनातनी घराच्या फराळात शिरली. मराठी घरांनी तर नानकटाईला दिवाळीच्या ताटातही जागा दिली.

वलंदेजांच्या थडग्यांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. बटाशाला तसे काही नाही. त्याला राखतो तो कारागिराचा हात आणि सकाळच्या चहाची सवय. दगडी वारशाची डागडुजी सरकार करू शकते. खाद्याचा वारसा मात्र गिऱ्हाईक आहे तोवरच जगतो. मुलांच्या हाती आयते पुडे देताना गावोगावच्या गृहस्थांनी एवढे ध्यानी ठेवले पाहिजे की, ज्या दिवशी जुन्या भट्टीचा विस्तव विझेल, त्या दिवशी गावाच्या इतिहासाचे एक पान कोणत्याही दफ्तरात नोंद न होता फाटून जाईल.