कार्डावर काय लिहिलंय?

खेळ आणि नियम : लेखांक ७

रिचर्ड गारफिल्ड हा अमेरिकन गणिती पत्त्यांचा एक नवा खेळ रचत होता, त्या दिवसांतला हा किस्सा त्यानेच पुढे सांगितला आहे. खेळून पाहणाऱ्यांपैकी एक जण त्याला म्हणाला, माझ्याकडे एक कार्ड आहे, ते टाकलं की पुढच्या पाळीत मी जिंकलोच. गारफिल्ड चक्रावला. असं कार्ड त्याने बनवलंच नव्हतं. पाहिलं तर कार्डावर लिहिलेलं, ‘ऑपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न’. लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं की प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी जाते. वाचणाऱ्याने वाचलं की प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो. दोघांपैकी कोणालाच व्याकरणात चूक काढता आली नसती. छापायला जाताना वाक्य बदललं आणि ‘या पाळीनंतर आणखी एक पाळी घ्या’ असं सरळ झालं. ते कार्ड म्हणजे ‘टाइम वॉक’ आणि तो खेळ म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला.

गेल्या आठवड्यात आपण नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्यावरचे वाद पाहिले. तिथे नियम स्वच्छ होता, भांडण खिलाडूवृत्तीचं होतं. आजचं दुखणं वेगळं आहे. दोन्ही खेळाडू सज्जन आहेत, कोणाला लबाडी करायची नाही, आणि तरीही समोरच्या एका वाक्याचे दोन अर्थ निघताहेत.

आपल्याकडच्या मेंढीकोट किंवा बदाम सातमध्ये असा प्रसंग फारसा येत नाही. बदामाच्या सत्तीवर काहीच लिहिलेलं नसतं. नियम खेळणाऱ्यांच्या डोक्यात असतात, आणि गावोगावचे फरक बसण्याआधीच ‘आमच्यात असं खेळतात’ म्हणून मिटवले जातात. मॅजिकचं तसं नाही. तिथे प्रत्येक कार्ड स्वतःचा कायदा सोबत घेऊन येतं, आणि आजवर अशी २५ हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. मूळ नियमांचं पुस्तक अडीचशेहून अधिक पानांचं आहे, पण त्याचा पहिला दंडकच असा की कार्ड आणि पुस्तक यांच्यात विरोध आला तर कार्डाचं ऐकायचं. दुसरा दंडक तितकाच कामाचा. एक कार्ड ‘करता येईल’ म्हणत असेल आणि दुसरं ‘करता येणार नाही’ म्हणत असेल, तर नकार जिंकतो. एका कार्डाने तुम्हाला या पाळीत एक जादा जमीन (मॅना, म्हणजे खेळातलं चलन, देणारं कार्ड) खेळायची मुभा दिली आणि दुसऱ्याने जमीन खेळायलाच बंदी केली, तर बंदी चालते. कोणतं कार्ड आधी आलं, कोणतं महागडं, हे कोणी विचारत नाही. निम्मी भांडणं या एका ओळीने मिटतात, आणि नवख्या खेळाडूंना नेमकी हीच ओळ माहीत नसते.

उरलेली निम्मी मिटत नाहीत, कारण ती वाक्याच्या पोटात दडलेली असतात.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘अरेबियन नाइट्स’ हा संच आला. त्यात ‘रुख एग’ नावाचं अंड्याचं कार्ड होतं. चार मॅना मोजून टेबलावर आणायचं, शक्ती शून्य, बचाव तीन. त्यावरच्या मजकुराचा आशय असा होता की हे अंडं ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद झालेल्या कार्डांच्या ढिगात गेलं, की त्या पाळीच्या शेवटी तुमच्या बाजूला चार शक्तीचा, चार बचावाचा उडणारा रुख पक्षी येईल. कल्पना उघड आहे: अंडं लढाईत फुटतं आणि पिल्लू बाहेर येतं. पण अंडं कुठून ढिगात गेलं पाहिजे, हे कार्डावर लिहिलेलंच नव्हतं. टेबलावरून गेलं तरी ते ढिगात गेलं, आणि हातातून टाकून दिलं तरी ढिगातच गेलं. त्याच संचात ‘बझार ऑफ बगदाद’ हे कार्ड होतं: दोन कार्डं ओढा, तीन टाका. चाणाक्ष खेळाडूंनी एक पैसाही न मोजता अंडी बझारात फेकायला सुरुवात केली आणि पाळीच्या शेवटी आकाशात पक्षी घिरट्या घालू लागले. १९९४ च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी निर्बंधांची जी पहिली यादी निघाली, तिच्यात ब्लॅक लोटस आणि टाइम वॉक या जबरदस्त कार्डांच्या पंगतीला हे अंडंही बसलं. एका डेकमध्ये एकच ठेवायचं. आज त्या कार्डाच्या अधिकृत मजकुरात ‘डाइज’ हे क्रियापद आहे आणि नियमपुस्तकात त्याची व्याख्या दिलेली आहे: टेबलावरून ढिगात जाणं, तेवढंच. हातातून टाकलेलं अंडं आता मरत नाही, कारण ते कधी टेबलावर आलेलंच नसतं.

‘आजचा अधिकृत मजकूर’ ही गोष्ट नव्याने खेळणाऱ्यांना पटायला जड जाते. हातात कार्ड आहे, त्यावर छापलेलं डोळ्यांना दिसतंय, आणि समोरचा म्हणतो की हे ग्राह्य नाही. पण तसंच आहे. प्रत्येक कार्डाचा चालू मजकूर, ज्याला खेळाडू ‘ऑरॅकल’ म्हणतात, कंपनीच्या ‘गॅदरर’ या संग्रहात ठेवलेला असतो आणि स्पर्धेत तोच चालतो. पहिल्या छपाईत ‘ऑर्किश ओरिफ्लॅम’ या कार्डाची किंमत चार मॅनांऐवजी चुकून दोनच छापली गेली. ती जुनी प्रत आजही कोणाच्या अल्बममध्ये असेल. खेळायला काढली तर चारच मोजावे लागतील. ‘ॲनिमेट डेड’चं प्रकरण तर गमतीचं आहे. मेलेल्या प्राण्याला उठवून टेबलावर आणा, एवढीच त्याची साधी कल्पना. पण नियम बदलत गेले तसतसा त्याचा मजकूर फुगत गेला, आणि आज तो वाचताना सातबाऱ्याच्या फेरफाराची नोंद वाचल्यासारखं वाटतं.

आता मजकूर पक्का, छपाई बरोबर, तरी वाद होतो असं एक उदाहरण जरा जवळून पाहू. २००७ च्या ‘लॉरविन’ संचातलं ‘ऑब्लिव्हियन रिंग’. त्यावर दोन स्वतंत्र वाक्यं आहेत. पहिल्याचा अर्थ, ही रिंग टेबलावर आली की जमीन सोडून दुसरं एखादं कार्ड निवडा आणि ते खेळाबाहेर ठेवा. दुसऱ्याचा अर्थ, रिंग टेबलावरून गेली की ते बाहेर ठेवलेलं कार्ड मालकाकडे टेबलावर परत येईल. वाचणाऱ्या कोणालाही वाटेल की हा तात्पुरता तुरुंग आहे. पहारेकरी गेला की कैदी सुटला.

पण मॅजिकमध्ये परिणाम लगेच घडत नाहीत. ते एकावर एक रचले जातात, या ढिगाला ‘स्टॅक’ म्हणतात, आणि सर्वात शेवटी ठेवलेला परिणाम सर्वात आधी घडतो. समजा, मी रिंग टाकली. पहिलं वाक्य जागं झालं, मी तुमचा राक्षस निवडला, आणि तो परिणाम स्टॅकवर बसला. तो घडायच्या आतच मी दुसऱ्या एखाद्या कार्डाने माझीच रिंग हातात परत घेतली. रिंग टेबलावरून गेली, म्हणून दुसरं वाक्य जागं झालं आणि पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. वरचं आधी घडणार. ‘बाहेर ठेवलेलं कार्ड परत आणा’, पण अजून बाहेर काही ठेवलेलंच नाही. काही घडत नाही. मग खालचं घडतं आणि तुमचा राक्षस बाहेर जातो. त्याला परत आणणारं वाक्य केव्हाच संपून गेलेलं असतं. राक्षस कायमचा गेला, आणि माझी रिंग माझ्या हातात, पुन्हा खेळायला तयार.

पहिल्यांदा हे पाहणारा हमखास म्हणतो, ‘अहो, पण कार्डाचा उद्देश हा नव्हता!’ बरोबर आहे, नसेलही. पंच तो विचारात घेत नाही. कंपनीने काय केलं, तर ‘मॅजिक २०१४’ या संचात ‘बॅनिशर प्रीस्ट’सारख्या कार्डांवर दोन वाक्यांचं एकच वाक्य केलं: हा पुरोहित टेबलावरून जाईपर्यंत ते कार्ड बाहेर. पुरोहित आधीच निघून गेला असेल तर काहीच बाहेर जात नाही. पळवाट बुजली. ऑब्लिव्हियन रिंगची दोन वाक्यं मात्र जशीच्या तशी ठेवली, आणि ती युक्ती आजही कायदेशीर आहे.

मला इथे पूर्वमीमांसकांची आठवण होते. वेद अपौरुषेय मानले की ‘कर्त्याला काय म्हणायचं होतं’ हा प्रश्नच उरत नाही, कारण कर्ताच नाही. उरतं ते वाक्य, त्यातले शब्द, त्यांचा क्रम आणि आजूबाजूचं प्रकरण. कार्डाचा पंच असाच वाचतो. गारफिल्ड हयात आहे, कार्डं रचणारे लोक मुलाखती देतात, तरीही टेबलावर त्यांचा हेतू साक्षीला येत नाही. हेतू पोचवायचा असेल तर त्यांनी मजकूर बदलावा. मला ही कठोरता योग्य वाटते. पुण्यातला मुलगा आणि ओसाकातला मुलगा एकमेकांना न ओळखता समोरासमोर बसले तर दोघांना एकच खेळ खेळता आला पाहिजे, आणि हेतू प्रत्येकाला वेगळा दिसतो.

जपानच्या कोनामी कंपनीच्या ‘यु-गि-ओ!’ या अशाच पत्त्यांच्या खेळाने हाच पेच विरामचिन्हांनी सोडवला. २०११ पासून त्यांनी मजकुराची शिस्तच बदलली. अपूर्णविरामाच्या आधी जे येतं ती अट, अर्धविरामाच्या आधीचं कार्ड वापरतानाच करायचं, आणि अर्धविरामानंतर येतो तो प्रत्यक्ष परिणाम. ‘रायगेकी ब्रेक’मध्ये हातातलं एक कार्ड टाकून निशाणा धरायचा, मग अर्धविराम, मग निशाण्याचा नाश. प्रतिस्पर्ध्याने तुमचा डाव हाणून पाडला तरी टाकलेलं कार्ड परत मिळत नाही, कारण ते अर्धविरामाच्या अलीकडचं. शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलेला अपूर्णविराम पुढे आयुष्यात कुठे उपयोगी पडला, असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी. याच खेळात ‘व्हेन… यू कॅन’ अशा ऐच्छिक वाक्याची संधी हुकू शकते. ‘पेटन द डार्क क्लाउन’ ढिगात गेला की दुसरा पेटन आणता येतो. पण त्याचा बळी देऊन मोठा राक्षस बोलावला, तर सर्वात शेवटी घडलेली घटना राक्षसाचं येणं ठरते, पेटनचं जाणं नव्हे. संधी गेली. हे मला अतीच वाटतं, पण नियम तसा आहे.

काटेकोरपणा कुठे नडतो, याचंही उदाहरण आहे. मॅजिकमध्ये ‘पिदिंग नीडल’ टाकताना एका कार्डाचं नाव घ्यायचं. त्या नावाच्या कार्डाच्या मोल देऊन वापरायच्या क्षमता बंद होतात. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत एकाने नाव घेतलं, ‘बॉरबरिग्मॉस’. प्रतिस्पर्ध्याच्या डेकमध्ये होता ‘बॉरबरिग्मॉस एनरेज्ड’, २०१३ चा, हातातल्या जमिनी टाकून मारा करणारा. पण नुसत्या ‘बॉरबरिग्मॉस’ नावाचं २००६ चंही एक कार्ड आहे. ते त्या डेकमध्ये नव्हतं आणि त्याला बंद करण्यासारखी क्षमताच नाही. टेबलाभोवती कोणालाही शंका नव्हती की याला कोणता म्हणायचाय. पंचांनी निकाल दिला: त्या नावाचं कार्ड अस्तित्वात आहे, म्हणून तेच घेतलं असं धरायचं. माझ्या मते हा निकाल नियमाला धरून आणि तरी चुकीचा होता. छापलेलं वाक्य सगळ्यांसाठी असतं, त्याला अक्षरशः वाचलं पाहिजे. तोंडी बोललेला शब्द समोरच्या एका माणसासाठी असतो, आणि त्या माणसाला तो कळला होता.

तुम्हाला किंवा घरातल्या मुलांना मॅजिकची कार्डं वाचायची असतील तर एवढं करा. आधी गॅदररवर आजचा मजकूर काढा. ‘मे’ आहे का पाहा. असेल तर परिणाम ऐच्छिक, नसेल तर तुम्हाला नको असला तरी तो करावाच लागतो. ‘टार्गेट’ हा शब्द नसेल तर सहसा तिथे निशाणा धरलेला नसतो, आपल्याला कितीही तसं वाटो. अपूर्णविराम दिसला तर त्याच्या आधी किंमत आणि नंतर परिणाम. आणि घटनेनंतर लगेच ‘इफ’ आला असेल तर ती अट दोनदा तपासली जाते, परिणाम जागा होताना आणि प्रत्यक्ष घडताना. ‘फेलिडार सॉव्हरिन’ म्हणतं, तुमच्या अपकीपच्या, म्हणजे पाळीतल्या सुरुवातीच्या एका टप्प्याच्या, सुरुवातीला तुमच्याकडे ४० किंवा जास्त आयुष्य असेल तर तुम्ही जिंकता. बरोबर ४० घेऊन बसलेल्याला प्रतिस्पर्ध्याने त्या दोन तपासण्यांच्या मधे एका गुणाची जखम केली, तर ३९ वर विजय मिळत नाही.

स्पर्धेत अडलं तर हात वर करून पंचांना बोलवा आणि ‘या वाक्याने काय घडतं’ असं विचारा. ‘मी काय करू’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, तो सल्ला ठरतो. निकाल पटला नाही तर मुख्य पंचांकडे दाद मागता येते. त्यांचा शब्द अखेरचा. पुढच्या आठवड्यात बुद्धिबळातला ‘हात लावली ती सोंगटी चालवायची’ हा नियम आणि त्यावरची भांडणं.