मॉरिशसची पंगत, मॉरिशसचा फेर

दिवाळी जवळ आली की मॉरिशसमध्ये घरोघरी रताळी उकडायला लागतात. ती कुस्करून, मैदा घालून मळायची, ओल्या खोबऱ्याचं वेलची घातलेलं सारण भरायचं, मुरडायचं आणि तळायचं. दिसायला आपली करंजीच. तिकडे तिला ‘गातो पातात’ म्हणतात. घरच्यांनी चव घेण्याआधीच ताटं शेजारी रवाना होतात, मग शेजारी ख्रिस्ती असो, मुसलमान असो की चिनी. ईदला मुसलमान शेजाऱ्यांकडून बिर्याणी येते.

या बेटाला मूळ रहिवासी नव्हतेच. फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकमधून गुलाम आणले. पुढे ब्रिटिशांच्या राज्यात १८३५ मध्ये गुलामी संपली, पण त्याआधीच, १८३४ च्या नोव्हेंबरात, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, उतरले होते. १९२० पर्यंत त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. बहुतेक भोजपुरी, त्याखालोखाल तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, साताऱ्याकडचे मराठी थोडे. एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या या माणसांना जवळ आणायचं कुणाच्या मनात नव्हतं. मळेवाल्यांना ऊस हवा होता.

जवळ आणलं ते आधी भुकेनं. बिहारी घरातली डाळपुरी आज साऱ्या बेटाचं खाणं आहे. उकडून वाटलेली चणाडाळ, हळद, जिरं भरून लाटलेली पातळ पोळी. वर घेवड्यासारख्या पांढऱ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोचा रुगाय, मिरचीची चटणी. गुंडाळून जोडीनं मिळते, उभ्या उभ्या खायची. तिच्यात मांस नाही, अंडं नाही, म्हणून गाडीपुढच्या रांगेत कुणाचाच धर्म आड येत नाही. तिच्या यशाचं मोठं कारण मला हेच वाटतं. हिंदू लग्नात केळीच्या पानावर सात भाज्या वाढतात, तेव्हा त्या पंगतीलाही सगळे बसतात.

नाच मात्र गुलामांचा. सेगा. बोकडाचं कातडं ताणलेली, डफासारखी रवान वाजवण्याआधी जाळावर शेकतात, म्हणजे ती घुमते. उसाच्या तुऱ्यांच्या काड्यांची चपटी पेटी करून आत बिया भरतात, ती मारवान. ज्या उसानं पाठी मोडल्या, त्याच्याच काड्या तालाला घेतल्या! नाचताना पाय जमिनीवरून जवळजवळ उचलत नाहीत, कंबर आणि घोळदार घागराच बोलतो. चर्चला आणि साहेबाला हा नाच खपत नसे. १९६४ साली ल मोर्नला, पळून आलेले गुलाम जिथे लपत त्या डोंगराच्या पायथ्याशी, सेगारात्र भरली आणि ‘ती फ्रेर’ या गायकाला सेगाचा राजा ठरवण्यात आलं. पुढे भोजपुरीतही सेगा गायला जाऊ लागला. युनेस्कोच्या यादीत २०१४ साली सेगा गेला, २०१६ साली भोजपुरी बायकांचं लग्नघरातलं गीत-गवई.

पण एका ताटात जेवलं म्हणजे सगळं मिटलं, असं नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९६८ च्या जानेवारीत, पोर्ट लुईमध्ये क्रेओल, म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज, आणि मुसलमान एकमेकांवर धावून गेले. १९९९ मध्ये सेगा आणि रेगे एकत्र करून ‘सेगे’ घडवणारा ‘काया’ हा गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं. त्या वणव्यालाही जातीय रंग चढला. संसदेतल्या आठपर्यंत जागा आजही जमातींचा तोल पाहून दिल्या जातात, त्याही १९७२ च्या जनगणनेच्या आधारावर. गरीब क्रेओल वस्तीच्या जखमा रवान वाजवून भरत नाहीत, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. तरी दंगलीनंतर पुन्हा त्याच गल्लीत राहायचं असतं, आणि तेव्हा भाषणापेक्षा दारात आलेलं ताट जास्त कामाला येतं, असं मी मानतो.

आपल्या माणसांचं काय? गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी घरांत मोदक होतात, आणि कोकणच्या जाखडीचं नातं सांगणारी ‘झाकरी’ गणपतीपुढे नाचली जाते. नाचणाऱ्यांच्या घरात रोजची बोली बहुधा फ्रेंचवरून घडलेली क्रेओल. महाराष्ट्रातून तिकडे कलापथकं जातात, ते चांगलंच. आता उलटा प्रवास व्हावा: एखादं झाकरी मंडळ गणपतीत रत्नागिरीला बोलवावं, आणि त्यांच्यासोबत रवान वाजवणारे क्रेओल कलावंतही यावेत.