अतिरेकी प्रचाराला उत्तर : अमेरिकेचा प्रयोग

• २०११ : अल कायदाचा प्रचार खोडून काढण्यासाठी अध्यक्ष ओबामांच्या आदेशाने परराष्ट्र खात्यात खास केंद्र. अरबी, उर्दू, सोमालीत ऑनलाइन वादविवाद. डिसेंबर २०१३ पासून इंग्रजीतही.

• २०१४ : ‘इसिस’च्याच क्रूर चित्रफिती जोडून उपरोधिक व्हिडिओ. वर परराष्ट्र खात्याचा शिक्का! शत्रूचीच फुकट जाहिरात होते, अशी टीका.

• २०१५ : संयुक्त अरब अमिरातीच्या साथीने अबू धाबीत ‘सवाब’ केंद्र.

• २०१६ : परराष्ट्र खात्यातले २०११चे केंद्र गुंडाळून ‘ग्लोबल एंगेजमेंट सेंटर’. स्वतः बोलण्यापेक्षा स्थानिक, विश्वासार्ह आवाजांना बळ देण्यावर भर. पुढे रशिया, चीनच्या अपप्रचाराकडेही मोर्चा.

• डिसेंबर २०२४ : अमेरिकी काँग्रेसने मुदतवाढ न दिल्याने तेही बंद.