२१४७४८३६४७ : एका ‘बिनकामाच्या’ आकड्याची गोष्ट

कोडिंग शिकत असाल, तर हा आकडा तुम्हाला कधी ना कधी भेटलाच असेल. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस! जावाच्या ‘इंट’मध्ये मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. तिच्यात नुसता १ मिळवून बघा, उत्तर थेट मायनसमध्ये जातं.

असं का? ३२ बिटपैकी एक बिट चिन्हासाठी जातो, उरतात ३१. आता ३१ वेळा २ घेऊन गुणाकार करा, त्यातून १ वजा करा. आला की नाही हाच आकडा?

पण त्याची कीर्ती कम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने हे सिद्ध केलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. खरंतर ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं होतं. ऑयलरने आधी डोकं चालवलं. हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार, हे त्याने ओळखलं. मग काम उरलं फार तर ३७२ भागाकारांचं.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाला वाटलं, या मूळ संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा मोठी कुणी शोधायला जाणार नाही. कारण? असल्या संख्या गंमत म्हणून ठीक, उपयोग शून्य!

पुढे काय झालं बघा. कम्प्युटरला ‘रँडम’ आकडे हवे असतात. त्यासाठीची एक गाजलेली पद्धत अशी : एक आकडा घ्या, त्याला १६,८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी उरेल तो पुढचा आकडा. संख्या मूळ आहे म्हणूनच, गुणक नीट निवडला की दोन अब्जांहून जास्त आकडे एकही रिपीट न होता येतात. सी प्लस प्लसमध्ये ही पद्धत आजही आहे.

हाच आकडा अडचणही करतो. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज त्याच्या पुढे गेले आणि यूट्यूबला ६४ बिटच्या मोजणीवर जावं लागलं. त्या मोजणीची कमाल संख्या प्रचंड आहे खरी, पण मूळ नाही. तिला ७ ने भाग जातो!

पुढची तारीख लिहून ठेवा : १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या ३२ बिट सिस्टिम्सचा काटा तेव्हा याच आकड्यावर पोचेल. पुढच्या सेकंदाला त्या १९०१ मध्ये जातील. त्याआधी त्या कुणीतरी दुरुस्त करायला हव्यात. तोवर तुम्ही नोकरीत असाल. कदाचित ते काम तुमच्याच टेबलावर येईल.

तेव्हा पुढच्या लेक्चरला ‘सर, याचा उपयोग काय?’ असं जरूर विचारा. फक्त उत्तर यायला दोनशे वर्षंही लागू शकतात, एवढं लक्षात असू द्या.