पायाची रेघ

उकव्याच्या मँगनीज खाणीलगतच्या आमच्या वस्तीत मुलांना मल्लखांब शिकविताना माझ्या हातून एक चूक घडली. ‘पाय ताणा!’ असे मी सारखे ओरडत असे. आज्ञाधारक अशा एका मुलाने पायाची बोटे इतकी आवळली, की तळपायात गोळा येऊन तो कळवळत खाली बसला. दोष त्याचा नव्हता, माझ्या शब्दांचा होता.

दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवजीवन दिले. पुढे २०१३ साली मध्य प्रदेशाने तिला राज्यखेळाचा मान दिला. अशा विद्येच्या शिक्षकाने शब्द जपून वापरावेत.

पायाची सरळ रेघ बोटांतून नव्हे, मांडीतून सुरू होते. मुलास पाय लांब करून जमिनीवर बसवावे. मांडीचा पुढचा स्नायू आवळला, की गुडघा सरळ होतो. मग घोट्यातून पाऊल लांबवावे. बोटे शेवटी, आणि न दुमडता. दहा आकडे मोजून पाय सैल सोडावा. जमिनीवर हे साधल्यावरच खांबाकडे वळावे. अढीत पायांचे काम पकडीचे असते. मोकळा पाय मात्र टोकापर्यंत लांब हवा.

मुलाच्या पावलावर बसणे, गुडघा दाबणे सर्वथा वर्ज्य मानावे. वाढत्या हाडांना इजा संभवते. टाच दुखू लागली, तर सराव थांबवावा.

आता मी ओरडत नाही. एवढेच विचारतो, ‘बाळ, मांडी जागी आहे ना?’