सांधेदुखीचं चूर्ण घेण्याआधी

धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून राहायचं, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायचा. चंद्रपूर-गडचिरोलीत कंबर-गुडघे धरतात यात नवल नाही. मग बाजारातून चूर्णाची पुडी येते. आज आपण त्या पुडीबद्दल बोलू.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही,’ असं आपण सहज म्हणतो. पण बिब्बाही आपल्याच जंगलातला ना? त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. आयुर्वेदात तो शुद्ध करूनच वापरतात. औषध कायद्याच्या नियमांतही विषारी द्रव्यांच्या यादीत त्याचं नाव आहे.

वनस्पतीत गुण असतो, हेही खरं. सालईचा डिंक घ्या. नागपूरच्या संशोधकांनी गुडघ्याची झीज झालेल्या ३० रुग्णांना त्याचा अर्क आठ आठवडे देऊन पाहिला. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुखणं कमी झालं, चालणं वाढलं. एक्स-रेत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे आराम मिळाला, झीज भरून आली नाही.

मग बिनलेबलच्या पुडीनं दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर? तिथं शंका घ्या. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी आढळलं आहे. त्यानं पुढे चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच आठवडे घेतली असेल तर मनानं एकदम बंद करू नका, त्यानंही जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. लेकराच्या हातापायांना सूज आली, तरुणाचे सांधे वारंवार ठणकू लागले, की घरात ‘वात’ म्हणतात. पण सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात. चूर्णानं दुखणं दबलं की निदान लांबतं. म्हणून कमी वयात सांधे दुखत असतील तर आधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या. सोबत ताप असेल, छातीत दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

विकत घेताना लेबल वाचा. आयुर्वेदिक औषधावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत हवी. पूरक आहारावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असतो. पण तो अन्नाचा परवाना आहे, रोग बरा होईल याची हमी नव्हे.

रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. घेताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर थांबा आणि तडक दवाखान्यात जा. यकृताला इजा झालेली असू शकते. आणि डॉक्टर ‘काय औषधं चालू आहेत?’ विचारतील तेव्हा चूर्णाचं नावही सांगा. ते सांगण्यात संकोच कसला?