रेंजरच्या जुन्या घरात मुक्काम

अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसने रेंजरांसाठी बांधलेली कितीतरी जुनी लाकडी घरं आता कुणालाही मुक्कामाला भाड्याने मिळतात. पश्चिमेकडची राज्यं फिरायला जाणाऱ्यांनी हॉटेलाआधी यांचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

हे खातं १९०५ साली सुरू झालं. तेव्हा रेंजर घोड्यावरून गस्त घालत, म्हणून जंगलात आतवर चौक्या लागत. मोंटानातलं जुडिथ गार्ड स्टेशन १९०८ चं आहे. पुढे १९३३ ते १९४२ या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या बेकार तरुणांनी अशा आणखी बऱ्याच चौक्या उभारल्या. रस्ते झाले, मोटारी आल्या आणि बऱ्याच ओस पडल्या. भाड्याच्या पैशातून आता त्यांची डागडुजी होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पटापट जातात.

बऱ्याच ठिकाणी वीज नाही, नळ नाही, शौचालय बाहेर. ऊब लाकडाच्या शेगडीची. पिण्याचं पाणी, स्लीपिंग बॅग, टॉर्च सोबत न्या. कचरा परत आणा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बंद घरात उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारायचा नाही. त्या धुळीतून हंताव्हायरस श्वासात जाऊ शकतो. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. मग हातमोजे घालून जंतुनाशक शिंपडा आणि ओल्या कागदाने पुसून घ्या.